खाडीचा हिशेब मराठवाड्यानेच मागावा

एप्रिल उजाडला, जायकवाडीचा साठा उतरणीला लागला की मराठवाड्यात एक वाक्य हमखास ऐकू येते: कोकणातले पाणी समुद्रात वाया चालले आहे, ते गोदावरीत आणा. दमणगंगा-एकदरे-गोदावरी, दमणगंगा-वैतरणा-गोदावरी ही जोडप्रकल्पांची नावे एकेकाळी जलसंपदा खात्याच्या फायलीत पडून असत. आता मोंढ्यातल्या अडतीवरही त्यांची चर्चा चालते. मागणी रास्त आहे. मात्र समुद्राला मिळणारे पाणी फुकट जाते, या गृहीतकावर ती उभी आहे, आणि उद्या प्रकरण हरित लवादात किंवा उच्च न्यायालयात गेले तर पहिला घाव तिथेच बसेल. म्हणून कोकणातल्या खाड्या आणि लगतचा समुद्र यांच्या दीर्घकाळच्या संशोधनासाठी पैसा ठेवा, ही मागणी मराठवाड्याने स्वतः पुढे येऊन करायला हवी. तीही उपकार म्हणून करू नये. पाणी हवे असेल तर त्याची ही किंमत आहे.

यावर येणारा आक्षेप ठाऊक आहे. 1984 मध्ये दांडेकर समितीने राज्यातल्या मागास भागांचा विकासाचा अनुशेष मोजला, त्याला चाळीस वर्षे होऊन गेली. वैधानिक विकास मंडळाची मुदत 30 एप्रिल 2020 ला संपली. ज्या भागाच्या सिंचनाची ही कथा, त्याने समुद्रासाठी पैसे मागायचे? लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले ते 2016 साल कोणी विसरलेले नाही. हा राग खोटा नाही. पण इथे मागितलेली रक्कम पाणी वळवण्याच्या खर्चापुढे नगण्य आहे, आणि ती न दिल्यास जे अडेल ते मराठवाड्याचेच पाणी असेल.

वरच्याने पाणी अडवले की खालच्याचे काय होते, हे मराठवाड्याला शिकवायची गरज नाही. 1976 साली पुऱ्या झालेल्या जायकवाडीची एकूण क्षमता 102 टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) वर आहे. नाशिक-नगरच्या धरणांतून त्यासाठी पाणी सोडायचे की नाही, यावर दर ऑक्टोबरात रणधुमाळी होते. त्या भांडणात मराठवाड्याचे पारडे जड झाले ते मोर्चांइतकेच आकडेमोडीमुळे. 2005 च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यात समन्यायी वाटपाचे तत्त्व आले, मेंढेगिरी समितीने कोणत्या साठ्याला कोणत्या धरणातून किती सोडायचे याचा तक्ता मांडला, 2014 मध्ये प्राधिकरणाने त्यावर आदेश दिला आणि 2016 मध्ये उच्च न्यायालयात तो टिकला. जायकवाडीचा उपयुक्त साठा 65 टक्क्यांच्या खाली असेल तर वरून पाणी सोडायचे, हा आकडा आज पैठणपासून परभणीपर्यंत पाठ आहे, तो या हिशेबातून आला. वैतरणा, उल्हास किंवा दमणगंगेच्या खाडीतला मच्छीमार हा त्या नदीवरचा सर्वांत खालचा लाभधारक. त्याच्यासाठी असा तक्ता अजून झालेला नाही. आपण नाशिककरांना विचारलेले प्रश्न तो आपल्याला विचारेल, आणि त्याला तो हक्क आहे.

नदीचे पाणी समुद्रात काय करते याची उदाहरणे थोडी नाहीत. नाईलवर आस्वानचे मोठे धरण झाले आणि पुराबरोबर येणारी गाळ-पोषकद्रव्ये थांबली. इजिप्तच्या किनाऱ्यावर 1962 मध्ये सुमारे 18,000 टन सार्डिन उतरत होती, ती 1968 मध्ये 500 टनांच्याही खाली गेली. पुढे शेतीतली खते आणि शहरांचे सांडपाणी वाहून येऊ लागल्यावर मासळी बरीच सावरली. पण त्याला नियोजन म्हणत नाहीत. आपल्या गोदावरीचेच पाहा. सोयगाव-अजिंठ्याकडची वाघूर तापीला मिळते, तसे उत्तरेकडचे थोडे पाणी सोडले तर मराठवाड्याचे सगळे पाणी गोदावरी नाहीतर कृष्णेच्या वाटेने बंगालच्या उपसागराला जाते. गोदावरीच्या मुखाशी पोहोचणारा गाळ 1970 च्या दशकानंतर अर्ध्याहून अधिक घटला आणि त्रिभुज प्रदेशाचा किनारा खचू लागला. कारण वरच्या धरणांत गाळ अडतो. त्या धरणांत आपलीही आहेत. नांदेडला विष्णुपुरी धरणावर उभे राहिलेल्या माणसाला काकीनाड्याजवळची धूप दिसत नाही, इतकाच फरक.

आता खाडीत नेमके काय होते ते बघू, कारण वादाचा खरा गाभा तिथे आहे. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम मीठ असते. नदीचे गोडे पाणी हलके, ते वर तरंगते. खारे पाणी जड, ते तळातून पाचरीसारखे आत शिरते. पावसाळ्यात ही पाचर मुखाकडे ढकलली जाते, उन्हाळ्यात कित्येक किलोमीटर आत येते. कोळंबीच्या बहुतेक व्यापारी जाती समुद्रात अंडी घालतात, पिल्ले भरतीबरोबर खाडीत येतात, निमखाऱ्या उथळ पाण्यात काही महिने वाढतात आणि मग परत समुद्रात जातात. म्हणजे खाडी ही रोपवाटिका झाली. तिथला खारेपणा कोणत्या महिन्यात किती, यावर पुढच्या हंगामातल्या जाळ्यात काय येणार ते ठरते.

म्हणून किती टीएमसी वळवणार, हा प्रश्न अर्धाच आहे. कोणत्या महिन्यात, हा उरलेला अर्धा. एक टीएमसी म्हणजे 2.83 कोटी घनमीटर. तेवढे पाणी 100 दिवसांत उचलायचे तर सेकंदाला जेमतेम 3.3 घनमीटर लागतात. जुलै-ऑगस्टच्या पुरात एवढ्याने खाडीला काही कळणारही नाही, अशी शक्यता मोठी आहे. तेच पाणी ऑक्टोबर-नोव्हेंबरात, नदी आटत असताना उचलले तर खाऱ्या पाण्याची पाचर महिनाभर आधी आत येऊ शकते. संशोधनातून असाही निष्कर्ष निघेल की अमुक तारखेपर्यंत, नदीत अमुक प्रवाह असेपर्यंत पाणी उचलल्यास खाडीचे नुकसान होत नाही. मराठवाड्याच्या बाजूने याहून मजबूत कागद दुसरा कोणता असणार? त्यात वैतरणेचे पाणी मुंबईने आधीच मोठ्या प्रमाणावर उचललेले आहे. मोडकसागर, अप्पर वैतरणा आणि 2014 चे मध्य वैतरणा ही त्याच नदीवरची धरणे. खाडीचे आधी झालेले नुकसान आपल्या माथी मारले जाऊ नये असे वाटत असेल, तर आजची स्थिती आजच मोजून ठेवली पाहिजे.

मोजणे वाटते तितके सोपे नाही, आणि चुकीची मोजणी न मोजण्यापेक्षा वाईट. भरती दर 12 तास 25 मिनिटांनी येते, म्हणजे रोज सुमारे 50 मिनिटे पुढे सरकते. कर्मचाऱ्याने सोयीसाठी दर सोमवारी सकाळी 11 वाजता नमुना घेतला, तर सात दिवसांत भरतीची वेळ जवळजवळ सहा तासांनी सरकलेली असते. एका सोमवारी पूर्ण भरती, पुढच्या सोमवारी पूर्ण ओहोटी. आलेख वर-खाली नाचतो आणि नदीचा परिणाम त्यात बुडून जातो. कार्यालयीन वेळेचे असे आकडे शंभर पाने भरले तरी उपयोगाचे नाहीत. कोळी माणूस तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगतो. नमुन्यांचे वेळापत्रकही तिथीवरच बसवले पाहिजे. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला एक फेरी, अष्टमीच्या आसपास भांगाच्या, म्हणजे कमी चढणाऱ्या, भरतीला दुसरी. मुखापासून भरतीचे पाणी जिथवर चढते तिथवर आठ-दहा ठिकाणे, प्रत्येक ठिकाणी पृष्ठभागापासून तळापर्यंत दर मीटरला वाचन. नुसते वरचे पाणी बाटलीत भरले तर पावसाळ्यात खाडी गोडी आहे असा निकाल येईल आणि तळातली पाचर कोणाला दिसणारच नाही.

दुसरी अडचण हंगामाची. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, खलाशी गावी गेलेले असतात. नेमके याच दिवसांत नदीचा पूर खाडीत येतो, म्हणजे ज्याची मोजणी करायची ते घडत असते. यावर उपाय आहे: पुलाच्या खांबांना आणि धक्क्यांना खारेपणाची कायमची नोंदणी यंत्रे बसवायची, एक तळाजवळ, एक पृष्ठभागाखाली, दर 15 मिनिटांनी वाचन घेणारी. सोबत खाडीतल्या वल्हवायच्या होड्या रोजंदारीवर घ्यायच्या. मात्र यंत्र लावले की काम संपले असे समजणारे इथे फसतात. उबदार खाडीत दोन-तीन आठवड्यांत यंत्राच्या तोंडावर शेवाळ, चिखल आणि कवचधारी जीव बसतात. खारेपणा ठरवण्यासाठी पाण्याची विद्युतवाहकता मोजणारी नळी अरुंद झाली की वाचन हळूहळू खाली सरकते, म्हणजे पाणी आहे त्यापेक्षा गोडे दिसू लागते. घाणीने माखलेले यंत्र खाडीत भरपूर गोडे पाणी असल्याची खोटी साक्ष देते! ती साक्ष पाणी मागणाऱ्याला गोड वाटेल, पण विरोधी पक्षाचा जाणकार ती पाच मिनिटांत उडवून लावेल. त्यामुळे दर पंधरवड्याला यंत्र काढायचे, साफ करण्याआधीचे आणि नंतरचे वाचन दोन्ही लिहायचे, शेजारी बाटलीतला नमुना घेऊन प्रयोगशाळेत ताडून पाहायचा. दोन वाचनांतला फरक वहीत असेल तर मधल्या दिवसांचे आकडे दुरुस्त करता येतात. नसेल तर फेकून द्यावे लागतात. हे काम तंत्रज्ञाचे आहे, प्राध्यापकाचे नाही, आणि आपल्याकडच्या संशोधन प्रस्तावांत तंत्रज्ञाच्या पगाराला सर्वांत आधी कात्री लागते.

ही मालिका किमान सलग पाच वर्षांची हवी. ऑगस्ट 2023 हा देशात 1901 पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट होता. पुढच्याच वर्षी पाऊस सरासरीच्या वर गेला. यातल्या कोणत्याही एका वर्षावर निष्कर्ष बेतला तर तो चुकणारच.

कोकणात एक तयार प्रयोग गेली कित्येक दशके चालू आहे आणि त्याचा उपयोग करून घ्यायला हवा. कोयनेचे वीजनिर्मितीनंतरचे पाणी, वर्षाला 67.5 टीएमसीपर्यंत, चिपळूणला वाशिष्ठीत सोडले जाते आणि दाभोळच्या खाडीतून समुद्राला जाते. उन्हाळ्यातही या खाडीला गोडे पाणी मिळते. वैतरणेत पाणी कमी केले आहे, वाशिष्ठीत वाढवले आहे. या दोन खाड्या एकाच पद्धतीने, एकाच तिथीला मोजल्या तर गोड्या पाण्याचा परिणाम अंदाजाने सांगायची वेळ येणार नाही. दाभोळ खाडीत लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीचे सांडपाणीही येते, तेव्हा प्रदूषणाचा हिशेब वेगळा ठेवावा लागेल. तो गुंता आहे, पण सुटणारा आहे.

मग पैसा नाही का? पैसा आहे. 2021 मध्ये केंद्राने खोल समुद्र मोहिमेला 4,077 कोटी रुपये मंजूर केले, 2020 च्या मत्स्यसंपदा योजनेचा आराखडा 20,050 कोटींचा होता. पहिल्यात मुख्य भर सहा हजार मीटर खोल जाणाऱ्या पाणबुडीसारख्या गोष्टींवर, दुसऱ्यात धक्के, शीतगृहे, बोटी, पिंजरे. दोन्ही गरजेचे. पण एखाद्या खाडीत दहा वर्षे चिकाटीने मीठ मोजणे आणि कोळंबीची पिल्ले मोजणे हे काम कोणत्याच योजनेच्या रकान्यात नीट बसत नाही. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था मासळीचे अंदाज दरवर्षी काढते, पण ते बंदरावर उतरलेल्या मासळीचे. अमुक खाडीने किती कोळंबी वाढवली हे त्यातून निघत नाही. प्रादेशिक निधीची गरज आहे ती इथे.

असा निधी उभारताना आजवर जे बिघडत आले ते आधीच टाळले पाहिजे. नेहमीचा प्रकल्प तीन वर्षांचा असतो. मंजुरी फेब्रुवारीत, पहिला हप्ता मार्चमध्ये, 31 मार्चला खर्च दाखवायची घाई. त्या घाईत यंत्रखरेदी होते, कारण यंत्राचे बिल एका दिवसात लागते. सर्वांत कमी दराच्या निविदेतून यंत्र येते, त्याची केबल, सुटे भाग आणि दुरुस्तीचा करार मात्र दरपत्रकात नसतो. पुढचा हप्ता उपयोगिता प्रमाणपत्रावर, म्हणजे आधीचा पैसा खर्च झाल्याच्या दाखल्यावर, अडतो. तेवढ्यात कनिष्ठ संशोधकाचे विद्यावेतन चार-सहा महिने थकते. जानेवारी 2023 पासून ते महिना 37,000 रुपये आहे, पण कागदावर असलेल्या पैशावर चिपळुणात खोली मिळत नाही. मुलगा नोकरी धरून निघून जातो आणि खाडीच्या वहीत दोन पावसाळ्यांची पाने कोरी राहतात. तुटलेली मालिका पुढे जोडता येत नाही, म्हणून इथे उशीर हा नुसता उशीर राहत नाही, त्यात आधीचा खर्चही बुडतो.

आमची सूचना अशी. पाणी वळवण्याच्या प्रत्येक जोडप्रकल्पाच्या अंदाजपत्रकाचा अर्धा टक्का, सविस्तर प्रकल्प अहवालाच्या टप्प्यावरच, वेगळ्या खात्यात टाकावा. वर्षअखेरीला तो परत जाऊ नये. त्यातला निम्म्याहून मोठा वाटा दहा वर्षांच्या मोजणीसाठी बांधून ठेवावा आणि त्यातही पगार, होडीभाडे, साफसफाई, दुरुस्ती हे आधी, यंत्रे नंतर. इमारतीला एक रुपयाही नको. किनाऱ्यावर संस्था पुष्कळ आहेत. वर्सोव्याला केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे, राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे प्रादेशिक केंद्र मुंबईत आहे, रत्नागिरीला मत्स्य महाविद्यालय आहे. होडीवाल्या मच्छीमाराला प्रत्येक फेरीचे पैसे त्याच आठवड्यात मिळावेत. त्याच्या जाळ्यातला किलोभर नमुना घ्यायचा तर बाजारभावाने घ्यावा. फुकटचे सहकार्य दोन महिने टिकते. आणि सगळे आकडे, कच्चे वाचन आणि दुरुस्त केलेले दोन्ही, तीन महिन्यांच्या आत सर्वांना खुले असावेत. कोकणचा मच्छीमार आणि मराठवाड्याचा शेतकरी एकाच तक्त्याकडे बोट दाखवून भांडतील तरच ते भांडण कुठेतरी संपेल.

उरलेला पैसा नव्या प्रयोगांना द्यावा, पण हात राखून. उदाहरणार्थ, ट्रॉलच्या जाळ्याचा शेवटचा खोळीसारखा भाग. तिथली हिऱ्याच्या आकाराची भोके जाळे ओढताना ताणाने मिटतात आणि बोटभर पिल्लेही आत अडकतात. चौकोनी भोके उघडी राहतात, पिल्ले निसटतात. हे तंत्र जुने आहे, सिद्ध आहे. अडते ते पहिल्या हंगामाच्या तोट्यावर, कारण निसटलेली पिल्लेही आज विकली जातात. तो एका हंगामाचा फरक निधीने भरून दिला तर प्रयोग होईल, नाहीतर नियम कागदावर राहील. समुद्री शेवाळाचे मात्र एवढे कौतुक करायचे कारण नाही. तमिळनाडूत 3 बाय 3 मीटरच्या बांबूच्या तराफ्यावर 45 दिवसांत पीक निघते म्हणून कोकणातही निघेल असे धरले जाते. आपल्याकडे जून ते सप्टेंबर लाटा, गढूळपणा आणि पुराचे गोडे पाणी तराफे टिकू देत नाहीत. वर्षाचा तिसरा हिस्सा गेला की हिशेब बदलतो.

याच शेवाळाचा अर्क मात्र लातूर-जालन्याच्या कृषी सेवा केंद्रांत बाटल्यांतून विकला जातो आणि सोयाबीनवर फवारला जातो. 2021 पासून अशी जैवउत्तेजके, म्हणजे पिकाची वाढ चेतवणारी द्रव्ये, खत नियंत्रण आदेशाखाली आली, त्यांना चाचण्यांचे आकडे लागतात. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने कोरडवाहू काळ्या जमिनीवर, पावसाच्या खंडात, फवारलेले आणि न फवारलेले वाफे शेजारी ठेवून सलग तीन खरीप चाचण्या घेतल्या, तर शेतकऱ्याचे बाटलीवर जाणारे पैसे तरी वाचतील किंवा कारणी लागतील. सागरी संशोधनाचा हा भाग थेट मराठवाड्यात होऊ शकतो.

आणि पावसाचे काय, हे कोणी विचारेलच. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत 2012 पासून मान्सून मोहिमेखाली पावसाच्या अंदाजाचे जे संगणकी प्रारूप चालते, त्याला समुद्राच्या पोटातले तापमान द्यावे लागते. त्यासाठी आर्गो तरंगक, म्हणजे समुद्रात सोडलेली स्वयंचलित मोजणी यंत्रे, हजार मीटरवर वाहत राहतात, दर दहा दिवसांनी दोन हजार मीटरपर्यंत बुडून वर येतात आणि उपग्रहाला आकडे पाठवतात. 2019 मध्ये हिंदी महासागराचा पश्चिम भाग पूर्वेपेक्षा बराच तापला होता. त्या वर्षी मराठवाड्याने जुलैत टँकर पाहिले आणि ऑक्टोबरात काढणीचे सोयाबीन भिजलेले पाहिले. मध्य भारतातल्या विस्तृत अतिवृष्टीच्या घटना 1950 ते 2015 या काळात तिपटीने वाढल्याचे आणि त्यामागे तापलेल्या अरबी समुद्राची वाफ असल्याचे संशोधन 2017 मध्ये प्रसिद्ध झाले. समुद्रातली मोजणी थांबली तर आपला अंदाज आंधळा होतो. पण इथे एक तक्रार नोंदवली पाहिजे: समुद्राच्या टोकाला पैसा घालून शेताच्या टोकाला तो तोडला जातो. 2024 मध्ये देशभरातले जिल्हा कृषी हवामान कक्ष बंद करण्यात आले. तालुक्याचा अंदाज पिकाच्या भाषेत सांगणारा माणूसच काढून टाकला, मग तरंगकाने पाठवलेला आकडा गेवराईच्या शेतकऱ्यापर्यंत पोहोचणार कसा? सागरी निधी मागताना हे कक्ष पुन्हा सुरू करा, ही मागणी त्याच निवेदनात असली पाहिजे.

हे सगळे पुढे रेटायला माणसे इथेच आहेत. उदगीरला मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे. समुद्रापासून दूर आहे म्हणून त्याच्याकडे दुर्लक्ष होते. तिथल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना वैतरणा आणि दाभोळच्या खाड्यांवर एकेक वर्ष पाठवून, परत आल्यावर जायकवाडीच्या नाथसागर जलाशयातल्या मासेमारीवर तेच मोजमाप लावायला सांगता येईल. छत्रपती संभाजीनगरच्या गोदावरी मराठवाडा पाटबंधारे विकास महामंडळाने जोडप्रकल्पाच्या पुढच्या प्रस्तावातच अर्ध्या टक्क्याची तरतूद लिहून पाठवावी, कोकणच्या मागणीची वाट पाहू नये. पहिल्या वर्षी दोनच खाड्या, वीस ठिकाणे, महिन्याला दोन फेऱ्या. पैसे मात्र मार्चमध्ये नकोत. ते सप्टेंबरात हातात पडावेत, म्हणजे यंत्रे मागवून, ताडून, पुढच्या मे महिन्यात पुलांच्या खांबांना बसवता येतील आणि पहिला पूर निसटणार नाही.